जांभ्याचं घर, मंगलोरी कौलं: बाहेरून उबदार पण पिवळट-गुलाबी न होणारी शेड कशी निवडायची?

वळचण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घराच्या बाहेरच्या रंगाबद्दल सल्ला हवाय. माहिती एकदाच देतो.

ठिकाण चिपळूणजवळ. एकमजली घर, ४० बाय ३० फूट, जोत्यापासून भिंतीची उंची ११ फूट. बांधकाम जांभ्याचं, वरून सिमेंटचा सँडफेस (वाळूच्या खडबडीत दाण्यांचा) गिलावा. छप्पर उतरतं, मंगलोरी कौलांचं, ३० फुटी बाजूंना तिकोनी गेबल. जोतं २ फूट, उघडा घडीव जांभा. पडवीत आणि पायऱ्यांवर कोटा फरशी. खिडक्या तपकिरी पावडर कोटिंगच्या. तोंड पूर्वेला, पश्चिमेला मोकळं शेत. उत्तरेला आंबा आणि फणस भिंतीपासून ८-१० फुटांवर. अंगण लाल मातीचं. जुना रंग म्हणजे फिकट पिवळं सिमेंट पेंट, हात फिरवला की पीठ लागतं. उत्तर भिंतीला शेवाळ.

पांढरा नको, राखाडी नको, गडद नको. क्रीम, बेज, बदामी या घरातलं काहीतरी. शेडकार्डावर सगळेच सारखे दिसतात.

गिलावा_पक्का

शेडकार्ड तूर्त मिटून ठेवा. घरात जे बदलणार नाही त्याचा रंग आधी बघा. कौलं केशरीकडे झुकणारी लाल, काही पावसाळ्यांनी काळपट होतात. जांभा लाल-तपकिरी, त्यात पिवळे नि जांभळट डाग. माती लाल. खिडक्या तपकिरी. कोटा तेवढा वेगळा, हिरवट राखाडी. म्हणजे पाचांतले चार लाल कुळातले. भिंतीनेही त्यात लाल भर घातली तर घर लांबून एकच गोळा दिसेल.

कुठलाही बेज तटस्थ नसतो. त्याच्या पोटात पिवळा, गुलाबी, हिरवट किंवा राखाडी असतो आणि तो एक इंची चौकोनात कळत नाही. ओळखायचा सोपा मार्ग: फॅनडेक म्हणजे शेडकार्डाच्या पट्ट्यांची पंख्यासारखी गड्डी, तिच्यात त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड बघा. ती गाजरी किंवा विटकरी असेल तर वरची फिकट शेड भिंतीवर गुलाबी येणार. मोहरी असेल तर क्रीम पिवळंजर्द होणार. खाकी, मातकट तपकिरी असेल तर तुमच्या कामाची. दुसरा मार्ग: पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून दारात उजेडात धरा. कागदाशेजारी पोटातला रंग लगेच बाहेर पडतो.

तुमच्या घराला गुलाबी झाक आधी बाद करा. लाल मातीवर पडलेलं ऊन परतून भिंतीच्या खालच्या निम्म्या भागावर येतं आणि तिथे गुलाबी झाक आणखी वाढते. त्यात कोट्याच्या हिरवट राखाडीशेजारी गुलाबी बेज मळकट दिसतो. पिवळट-तपकिरी झाक आणि त्यात थोडी राखाडी, असं काहीतरी शोधा. ज्वारीच्या ताज्या भाकरीच्या आसपासचा रंग म्हणा.

चहाटळ

एवढं कशाला? क्रीम मारा. सगळ्या गावाचं क्रीमच असतं, कोण मेलं नाही अजून.

रंगद्रव्य

मेलं नाही, पण गावातली निम्मी क्रीम घरं लिंबाच्या रंगाची का दिसतात ते सांगतो.

शेडकार्डाचा तुकडा दुकानात ट्यूबलाइटखाली बघितला जातो. तोच रंग दीड हजार चौरस फुटांवर उन्हात गेला की दोन गोष्टी होतात. एक, फिका दिसतो, कारण बाहेरचा उजेड दुकानाच्या कित्येक पट असतो. दोन, त्यातला रंगीपणा वाढल्यासारखा वाटतो. तुकड्यावर जेमतेम जाणवणारा पिवळा भिंतीवर ओरडायला लागतो. म्हणून बाहेरसाठी मनातल्या शेडपेक्षा एक पायरी गडद आणि एक पायरी जास्त राखाडी घ्यायची. तुकड्यावर थोडी मळकी वाटणारी शेड भिंतीवर क्रीम दिसते. तुकड्यावर क्रीम दिसणारी भिंतीवर लिंबू.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. टिंटिंग मशीनवर (दुकानात शेड मिसळून देणारं यंत्र) निघालेल्या शेडचा फॉर्म्युला दुकानदाराच्या स्क्रीनवर असतो, तो विचारा. उबदार बेजसाठी यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड आणि ब्लॅक या तिघांत काम व्हायला हवं. यातले दोन लोखंडाची ऑक्साइडं आणि तिसरी काजळी. ऊन आणि सिमेंटचा क्षार, दोन्ही सोसतात. फॉर्म्युल्यात चकचकीत सेंद्रिय पिवळा, मॅजेंटा किंवा व्हायोलेट असेल तर शेजारची शेड घ्या. फिकट शेडमध्ये ही द्रव्यं चिमूटभर असतात आणि तीच आधी उडतात. मग राहिलेलं मिश्रण वेगळंच दिसतं: बदामी भिंत दोन-तीन उन्हाळ्यांत राखाडी किंवा गुलाबी, तीही फक्त दक्षिण-पश्चिम बाजूला. घराच्या दोन बाजू दोन रंगांच्या होण्याचं हे नेहमीचं कारण.

आणि एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये (ज्यात मशीन रंगद्रव्य मिसळतं तो मूळ रंग) जुळवून मागू नका. रंगद्रव्यांचे संच वेगळे असतात. दुकानाच्या दिव्यात जुळलेलं उन्हात फाटतं.

वळचण

फॉर्म्युला विचारता येतो हे माहीत नव्हतं. दुकानदार म्हणतो एलआरव्ही ८० च्या वरची घ्या, घर थंड राहील. बरोबर?

रंगद्रव्य

अर्धं बरोबर. एलआरव्ही म्हणजे शेड किती उजेड परत फेकते त्याचा आकडा, ० काळा, १०० पांढरा. फिकट भिंत कमी तापते हे खरं. पण एलआरव्ही फक्त दिसणाऱ्या उजेडाचा हिशोब करतो आणि सूर्याच्या उष्णतेतला जवळजवळ निम्मा भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. पिवळं-तांबडं ऑक्साइड अवरक्त बऱ्यापैकी परतवतं, काजळी सगळं गिळते. म्हणून ६५ चा बेज आणि ६५ चा राखाडी उन्हात सारखे तापतीलच असं नाही.

तुमच्यासाठी ८० च्या वर नकोच. लाल माती, शेवाळ, पाण्याचे ओघळ, सगळं उठून दिसतं, शिवाय पश्चिमेची भिंत दुपारी डोळ्यावर येते. ५५ ते ६८ मध्ये राहा. तो मळखाऊही असतो. ४५ च्या खाली गेलात तर उन्हाची बाजू तापते, थंड होते, तापते, आणि सँडफेसमधल्या केसासारख्या भेगा वाढतात.

आणखी एक हिशोब: सँडफेसच्या खडबडीत दाण्यांच्या बारीक सावल्या पडतात, त्यामुळे गुळगुळीत भिंतीपेक्षा तीच शेड थोडी गडद दिसते. बाहेरच्या उजेडाने फिका आणि दाण्यांनी गडद, हे दोन्ही पूर्ण फिटत नाहीत. शेवटी नमुना भिंतीवरच बघायचा.

माजघर

उत्तरेच्या भिंतीबद्दल कोणी बोललं नाही अजून. तिथे ८-१० फुटांवर आंबा-फणस आहे. पानांतून गाळून आणि पानांवरून परतून येणारा उजेड हिरवा असतो. पिवळ्या पोटाचं क्रीम त्या भिंतीवर हिरवट, आजारी दिसतं. त्यामुळे गुलाबी सरसकट बाद करायला मी तयार नाही. किंचित लाल झाक असेल तर हिरव्याला काट बसते.

गिलावा_पक्का

माजघर, निरीक्षण बरोबर आहे, उपाय पटत नाही. झाड भिंतीला चिकटून असेल तर परतलेला हिरवा उजेड जिंकतो. झाड लांब असेल, म्हणजे हिरवं फक्त मागे पडद्यासारखं दिसत असेल, तर उलट होतं. हिरव्याच्या पार्श्वभूमीवर भिंतीतला लालपणा डोळ्याला जास्त भासतो. धागाकर्त्यांच्या घरी उत्तरेला पहिला प्रकार, पश्चिमेला पावसाळ्यात हिरव्या शेताचा दुसरा. एका भिंतीसाठी लाल झाक घेतली तर उरलेल्या तीन गुलाबी होणार. त्यापेक्षा दोन-तीन मोठ्या फांद्या उतरवा. भिंत वाळेल, शेवाळ कमी होईल, हिरवा उजेडही कमी. नमुना मात्र उत्तर भिंतीवर नक्की लावा, खाकी कुळातली जी शेड तिथे सुसह्य ती इतरत्र चालतेच.

माजघर

फांद्या उतरवणं मान्य. झाक किंचित हा शब्द मी वापरला होता, गुलाबी घर नव्हे. :)

गिलावा_पक्का

नमुन्याची पद्धत सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात.

तीन शेड निवडा, जास्त नको. प्रत्येकीचा लहान डबा किंवा सॅम्पलर आणा. सिमेंट शीटचे किंवा प्लायचे ३ बाय ३ फुटांचे तुकडे घ्या, आधी बाहेरचा प्रायमर, मग शेडचे दोन हात. एका हातावर निर्णय घेऊ नका, खालचा पांढरा डोकावतो. कडेला चार बोटं पांढरा प्रायमर तसाच सोडा. तुमच्या जुन्या पिवळ्या भिंतीला नमुना थेट टेकला तर प्रत्येक बेज जांभळट भासेल. हा डोळ्याचा खेळ आहे, रंगाचा दोष नव्हे. गुळगुळीत तुकड्यावर झाक कळते, गडदपणा कळत नाही. म्हणून पसंत पडलेली शेड शेवटी प्रत्यक्ष सँडफेसवर घासून-धुऊन तयार केलेल्या जागी तेवढीच मोठी लावा.

तुकडे उभे ठेवा, आडवे नाही. आडव्या पृष्ठावर आकाश पडतं, भिंतीवर तसं पडत नाही. सकाळी आठला पूर्वेला, भर दुपारी दक्षिणेला, पाचला पश्चिमेला, आणि उत्तरेला दिवसभरात कधीही. तुकड्याचा खालचा काठ जोत्याच्या जांभ्याला टेकवा, वर एखादं सुटं कौल धरा. रस्त्यावरून, म्हणजे ४०-५० फुटांवरूनही बघा. घर लोक तिथूनच बघतात. ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका. तुमच्याकडे चार महिने उजेड निळसर-करडा असतो. उबदार शेडची खरी गरज त्याच महिन्यांत आहे, आणि राखाडी नको म्हणालात ते त्यासाठीच योग्य. जून ते सप्टेंबर राखाडी घर कोकणात ओल्या सिमेंटसारखं दिसतं.

परांची

रंगावर पुष्कळ झालं, आता भिंतीवर या. हात फिरवल्यावर पीठ लागतं, हे वाक्य या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. जुनं सिमेंट पेंट भुरभुरीत झालंय. त्यावर कितीही महागडं इमल्शन (पाण्यात पातळ होणारा ॲक्रिलिक रंग) मारा, ते पिठाला चिकटेल, भिंतीला नाही. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे.

आधी शेवाळ. १० लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो ब्लीचिंग पावडर, निथळलेलं पाणी ब्रशने उत्तर भिंतीवर आणि जिथे जिथे काळे-हिरवे डाग आहेत तिथे. तासाभराने नायलॉनच्या कडक ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. या पाण्यात ॲसिड किंवा फरशीचा क्लीनर कदापि मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे, गॉगल लागतात. झाडांच्या मुळाशी ते पाणी साचू देऊ नका.

मग संपूर्ण भिंत तारेच्या ब्रशने आणि पत्र्याने खरवडायची. जे निघतं ते सगळं निघालं पाहिजे, जे घट्ट आहे ते राहू दे. प्रेशर वॉशर मिळाला तर उत्तम, पण एकाच जागी धरून ठेवलात तर सँडफेसचे दाणे उडतात आणि पाणी आत घुसतं. धुतल्यावर काळा कापडी रुमाल भिंतीवर दाबून ओढा. पांढरा पट्टा उमटला तर पुन्हा घासा.

भेगा: केसाएवढ्या असतील तर क्रॅक फिलरची पेस्ट पुरते. मोठ्या असतील तर व्ही आकारात खोदून, धूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मसाल्याने भरा. लिंटेल-बीम आणि जांभा यांच्या सांध्यावर आडवी सरळ भेग असते, तिथे नुसतं भरून भागत नाही. दोन वस्तू वेगवेगळ्या फुगतात-आकसतात, म्हणून तिथे फायबरची जाळी दाबून वरून पेस्ट. पोकळ वाजणारा गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून शोधा, तो काढून नवा करा. नव्या गिलाव्याच्या तुकड्याला पाणी मारून झाल्यावर २८ दिवस द्या. घाई केली तर क्षार रंगाला जाळतो आणि ठिगळ वेगळ्या शेडचं दिसतं.

त्यानंतर पाण्याने पातळ होणारा बाहेरचा प्रायमर, एक हात. एवढ्या भुरभुरीत भिंतीला तो पुरणार नसेल तर कंपनीचा पृष्ठ बांधणारा सीलर विचारा. आतल्या भिंतीचा स्वस्त प्रायमर बाहेर चालत नाही.

चहाटळ

गणपतीपूर्वी उरकता येईल का? पाव्हणे येतात.

परांची

आतला रंग खुशाल. बाहेरचा नको. तुमच्या भागात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, जांभा सच्छिद्र, भिंत ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेली असते. दसरा-दिवाळीतही पश्चिमेची भिंत आतून ओली असू शकते. वरून कोरडी दिसते, हात थंड लागतो. त्यावर रंग बसवला की आतलं पाणी उन्हाने बाहेर यायला बघतं आणि रंगाला फुगे येतात, किंवा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, पांढरा होऊन फुटतो.

तपासणी: दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक संध्याकाळी चारही कडांना टेपने हवाबंद चिकटवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघा. आतून थेंब धरले किंवा खालची भिंत गडद झाली तर थांबा. चारही भिंतींवर करा, उत्तर आणि पश्चिम शेवटी पास होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये भिंत कोरडी असते पण तापलेली. तेव्हा सावलीच्या मागे मागे काम करा, म्हणजे सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. तापल्या भिंतीवर रंग पसरायच्या आत सुकतो आणि जोडाचे पट्टे दिसतात.

गिलावा_पक्का

उत्तरेबद्दल एक जोड: दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उत्तर भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. भर दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातले दोन महिने ढगांत जातात. म्हणून तिथे शेवाळ. रंगात बुरशीरोधक असतो, तो वेळ वाढवतो, शेवाळ कायमचं थांबवत नाही. फांद्या उतरवा हे पुन्हा सांगतो.

माजघर

जांभ्याच्या घराला इमल्शनच हवं असं कोणी ठरवलं? चुन्याचा हात, त्यात थोडी पिवळी माती किंवा यलो ऑक्साइड. भिंत श्वास घेते, पोपडे येत नाहीत, आणि चुन्याचा उबदार पांढरा कुठल्याही शेडकार्डात नाही.

परांची

उघड्या जांभ्यावर किंवा चुन्याच्या गिलाव्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर. इथे सिमेंटचा गिलावा आणि वर सिमेंट पेंट आहे. शिवाय पश्चिमेला वाऱ्यासकट आडवा पाऊस, चुना तिथे दर वर्षी नाही तरी एकाआड एक वर्षी द्यावा लागेल. ज्यांची तयारी आहे त्यांनी जरूर करावं. चुन्यात ऑक्साइड टाकायचंच तर चुन्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा, जास्त झालं की बसत नाही, हाताला लागतं.

तुमच्या मुद्द्यातली श्वास घेण्याची गोष्ट मात्र इमल्शनलाही लागू आहे. दुकानदार जाड रबरासारखं वॉटरप्रूफ कोटिंग गळ्यात मारतील. कौलांच्या कडेतून किंवा गेबलच्या माथ्यावरून भिंतीत पाणी उतरत असेल तर असं कोटिंग ते पाणी कोंडून ठेवतं आणि पिशवीसारखं फुगतं. आधी माथा बघा: गेबलवरच्या कौलांचा मसाला तडकलाय का, पागोळ्यांची पन्हळ कुठे भिंतीवर ओतते का, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी १० मिमीची खाच आहे का. ती खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटातून मागे सरकून भिंतीवर येतं. खिडक्यांखाली काळे ओघळ असतात ते याचेच, आणि कुठलीही शेड ते लपवत नाही.

कोरडवाहू

धागा वाचतोय. आमचं घर सोलापूर बाजूला, सपाट स्लॅब, शहाबादी फरशी, आजूबाजूला काळी माती. हेच नियम का?

रंगद्रव्य

झाकेचं गणित बदलतं. काळी माती आणि शहाबादी दोन्ही थंड राखाडी, लाल परावर्तन नाही, त्यामुळे तुम्ही थोडी लालसर बदामी शेडसुद्धा पेलू शकता. ऊन जास्त आणि हवा धुळीची, म्हणून ८० च्या वरची शेड डोळ्याला त्रास देईल, ६० ते ७० ठीक. शेवाळाची चिंता कमी, रंग भुरभुरीत होण्याची जास्त. पैसे बुरशीरोधकापेक्षा उन्हात टिकणाऱ्या शुद्ध ॲक्रिलिकमध्ये घाला. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या, नाहीतर धूळ पहिल्या सरीला दर्शनी भिंतीवर उतरते.

कोरडवाहू

धन्यवाद, पॅरापेट आजच बघतो.

वळचण

खूप मदत झाली. अजून दोन शंका. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, छज्जे आणि पडवीचे खांब कोणत्या रंगात? आणि एकूण रंग किती लागेल?

गिलावा_पक्का

पट्ट्यांना शुभ्र पांढरा देऊ नका. निळसर पांढऱ्याशेजारी तुमचा बेज जुना आणि पिवळा दिसेल. त्याच पट्टीवरची दोन-तीन पायऱ्या फिकी शेड घ्या, म्हणजे कुळ एकच राहतं. छज्ज्याच्या पोटालाही तीच, पडवीत उजेड वाढतो. खांबांना भिंतीचाच रंग. चॉकलेटी पट्टे, सोनेरी कलश, कृपा करून नको, खिडक्या आधीच तपकिरी आहेत. तीन रंगांच्या वर गेलात की घराचं हॉटेल होतं.

जाता जाता: पुढेमागे कौलांवर पत्रा टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच ठरवा. निळ्या पत्र्याखाली हाच बेज केशरी भासतो आणि निवडलेलं सगळं वाया जातं. टाकायचाच तर विटकरी किंवा तपकिरी.

हिशोब: घेर १४० फूट गुणिले ११, म्हणजे १५४० चौरस फूट. दोन गेबल, उंची ७ फूट धरली तर २१० मिळून १७५०. दारं-खिडक्या साधारण २५० वजा, उरले १५००. सँडफेसवर दोन हातांना लिटरला ४५ चौरस फूट धरा, म्हणजे ३३-३४ लिटर: २० + १० + ४. डब्यावर छापलेला ५०-६० चा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. प्रायमर एक हात, लिटरला ९० धरून १७ लिटर. पट्ट्या-छज्ज्यांना ४ लिटर वेगळे. टिंटिंगच्या बेसचा डबा कधी कधी पूर्ण भरलेला नसतो, निव्वळ लिटर वाचून बेरीज करा.

परांची

लावताना रंगाऱ्यावर लक्ष ठेवायच्या गोष्टी.

सगळे डबे एकाच बॅचचे आणि एकाच दिवशी टिंट केलेले घ्या. तरी विश्वास ठेवू नका. तिन्ही डबे मोठ्या स्वच्छ पिंपात ओतून एकत्र ढवळा, मग परत डब्यांत भरा. फिकट बेजमध्ये दोन डब्यांतला थोडासा फरकही सलग भिंतीवर दिसतो.

पाणी मगाने मोजून घाला. डब्यावर जे प्रमाण दिलंय त्याच्या वर एक मगही नाही. पातळ रंग पटपट चालतो म्हणून रंगारी पाणी वाढवतात, थर बारीक बसतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पीठ. दोन्ही हातांना प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर ठिकठिकाणी शेड बदलते.

सिमेंट पेंटची सवय असलेला रंगारी आधी भिंत भिजवतो आणि नंतर पाणी मारतो. सिमेंट पेंटला ते हवंच असतं. इमल्शनला अजिबात नको. हे आधी स्पष्ट सांगा.

दोन हातांत किमान ४ ते ६ तास. सँडफेसला लांब लव असलेला रोलर, दाण्यांच्या फटींत ब्रशने दाबून. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवायची, मधे जेवायला जायचं नाही. परांचीच्या दोन पातळ्यांच्या जोडावर आडवा पट्टा येतो, म्हणून वरचा आणि खालचा रंगारी एकत्र सरकले पाहिजेत. परांचीचे बांबू भिंतीला टेकवू नका, टेकलेली जागा नंतर भरली की ठिपका राहतो.

वळचण

पुट्टीबद्दल? रंगारी म्हणतो पूर्ण भिंत पुट्टीने गुळगुळीत करून देतो, रंग कमी लागेल.

परांची

नको. पीओपी आणि आतली ॲक्रिलिक पुट्टी बाहेर पाण्याने फुगते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी बाहेर चालते, पण भुरभुरीत जुन्या थरावर ती घेतलीत तर पुट्टीसकट सगळं उतरेल. रंगात वाचलेले पैसे पुट्टी आणि मजुरीत जातात. शिवाय गुळगुळीत भिंतीवर प्रत्येक ओघळ दिसतो, सँडफेस बरंच पोटात घालतो. खड्डे तेवढे भरा.

वळचण

ठीक. खाकी कुळातल्या दोन आणि माजघरांच्या सूचनेप्रमाणे जरा लालसर एक, असे तीन नमुने लावतो. फॉर्म्युले बघितले, दोघांत फक्त ऑक्साइड आणि ब्लॅक आहे, लालसरमध्ये मॅजेंटा निघाला.

रंगद्रव्य

मग लालसर बाद. त्याच पट्टीवर खालची-वरची शेड बघा, कधी कधी रेड ऑक्साइडवर बनलेली मिळते.

माजघर

बाद मान्य. :) जोत्याचा जांभा मात्र रंगवू नका हं. हल्ली सगळे त्यावर चकचकीत वार्निश मारतात.

परांची

+१. वार्निशने जांभा काळपट-तेलकट होतो आणि ओल आत अडकून वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. करायचंच तर जांभा घासून, धुऊन, पूर्ण वाळवून सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पाणीरोधक द्या. त्याची चमक येत नाही, वाफ बाहेर जाऊ देतं. आधी एका दगडावर करून बघा, रंग बदलला तर ते वापरू नका, परत करा. आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर दीड-दोन फूट रुंद खडीचा पट्टा टाका. मातीचे शिंतोडे तिथेच थांबतात, जोत्याच्या वरची पहिली फूटभर भिंत वाचते. खडी २० मिमीची, चार-पाच इंच जाड, खाली उतार घरापासून लांब.

वळचण

खडीचं काम रंगाच्या आधी की नंतर?

परांची

नंतर. आधी टाकलीत तर परांचीचे पाय नीट बसत नाहीत आणि खरवडलेला सगळा रंग खडीत जातो. तोवर अंगणात जुन्या ताडपत्र्या अंथरा.

गिलावा_पक्का

उरलेल्या रंगातला एक लिटर लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकणावर शेडचा कोड, बेस, बॅच आणि फॉर्म्युल्याचं स्टिकर चिकटवून सावलीत ठेवा. वर्षभराने छज्ज्याखाली ठिगळ लावायची वेळ आली तर दुकानात नव्याने टिंट केलेलं जुळत नाही. हे जुळतं.

वळचण

नमुने लावले की फोटो टाकतो. मोबाईलचा कॅमेरा रंग उबदार करतो, त्यामुळे शेजारी कोरा कागद धरून काढीन.